कुसगावचं बालपण : खेळणी, भीती आणि सुट्ट्या

आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षं पूर्ण झाली. त्यानिमित्त निघणाऱ्या स्मरणिकेत परिसराचा इतिहास असावा असं संपादक मंडळाला वाटलं आणि 'तुम्ही इथलेच, तुम्हीच लिहा' म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं. लोहगड, विसापूर, कार्ला, भाजे यांच्यावर पुस्तकं आहेत आणि ती लिहिणारे माझ्याहून कितीतरी जाणते आहेत. मला लिहिता येईल असा इतिहास एकच, तो म्हणजे इथल्या पोरांचा. ती कशाने खेळायची, कशाला घाबरायची आणि सुट्टीत काय करायची, एवढंच या लेखात सांगणार आहे.

असा विषय निवडण्याला कारणही आहे. संध्याकाळी खालच्या बाकांवर आपण ज्येष्ठ मंडळी बसतो, तेव्हा गुडघेदुखी आणि पाण्याचा टँकर हे दोन विषय संपले की गाडी हमखास लहानपणावर येते. कोणी दादरचं, कोणी गिरगावचं, कोणी सदाशिव पेठेतलं, कोणी माझ्यासारखं इथलंच. प्रत्येकाला आपलं बालपण सोन्याचं वाटतं. सोनं खरं असतंच, पण त्यात तांबं किती मिसळलंय हेही एकदा बघावं, म्हणजे नातवंडांना सांगताना हिशेब चुकत नाही.

या हुरहुरीला इंग्रजीतून आलेला शब्द आहे नॉस्टॅल्जिया. योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने १६८८ मध्ये बाझल इथे लिहिलेल्या प्रबंधात तो घडवला. ग्रीक भाषेतल्या 'घरी परतणं' आणि 'वेदना' अशा अर्थाच्या दोन शब्दांचा हा जोड. परमुलखात झुरणाऱ्या स्विस लोकांचा तो आजार होता आणि पुढे परदेशी सैन्यात नोकरी करणाऱ्या स्विस शिपायांशी त्याचं नाव कायमचं जोडलं गेलं. आपण मराठीत त्याला 'स्मरणरंजन' म्हणतो. म्हणजे त्यांच्या शब्दात वेदना आहे आणि आपल्या शब्दात रंजन. माझं म्हणणं इतकंच, की बालपणाचा इतिहास लिहायचा तर दोन्ही लिहावं.

आधी गावाविषयी थोडं

मावळ तालुक्यात कुसगाव एकच नाही. बुद्रुक आहे, खुर्द आहे, शिवाय पवन मावळातलंही कुसगाव आहे. आपली पार्सलं अधूनमधून भलतीकडे जातात ती त्यामुळेच. आपलं कुसगाव लोणावळ्याला लागून, भाताच्या खाचरांचं गाव. मी लहान असताना आंबेमोहोर व्हायचा. आज सगळे ज्याच्या नावाने तांदूळ घेतात तो इंद्रायणी वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ मध्ये आला. पावसाळ्यात इथे चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. घरोघरी इरली असायची, आणि लावणीच्या वेळी वाकलेल्या बायकांच्या पाठीवरची इरली लांबून कासवांसारखी दिसायची.

या भातशेतीच्या मुलखावर बाहेरून एकेक मोठं काम येत गेलं. खंडाळा ते पुणे रेल्वे १८५८ मध्ये सुरू झाली, पण मधला बोरघाट पार करून मुंबईला जोडायला १८६३ उजाडलं. रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांना पाणी हवं म्हणून भुशीचं धरण झालं. १९११ मध्ये टाटांच्या जलविद्युत योजनेचा पाया घातला गेला आणि १९१५ मध्ये खोपोलीला वीज तयार होऊ लागली. लोणावळा, वळवण, शिरवटा ही तळी त्या योजनेची. १९४५ मध्ये नौदलाचं 'शिवाजी' केंद्र आलं. शेवटी द्रुतगती मार्ग आला आणि त्याच्या पाठोपाठ आपल्यासारख्या सोसायट्या. ही यादी मुद्दाम दिली, कारण इथल्या पोरांची खेळणी आणि भीती दोन्ही यातूनच निघाली.

खेळणी

माझा जन्म १९६३ चा. आमच्या घरात विकतचं खेळणं जवळजवळ नव्हतंच. आमचा खेळण्यांचा बाजार म्हणजे एकवीरेची यात्रा. चैत्रात मुंबई-रायगडाकडून कोळी मंडळी पालख्या घेऊन कार्ल्याला येतात. तेव्हा गडाच्या पायथ्याशी दुकानं लागायची. पिपाणी, कागदी भिंगरी, काठीवर वरखाली करणारं माकड, दाबलं की टिकटिक वाजणारा पत्र्याचा बेडूक. बेडूक दोन दिवसांत मुका व्हायचा, पण ते दोन दिवस घरातल्या मोठ्यांना नको नको व्हायचं.

वर्षाचे बाकीचे दिवस रानावर आणि रेल्वेवर भागायचे. आंब्याची कोय दगडावर घासून तिची पुंगी करायची. बांबूच्या नळीत हिरवं फळ ठासून बंदूक करायची. सुताराच्या मागे लागून भोवरा मिळवायचा आणि लोहाराकडून त्याला आर बसवून घ्यायची. सायकलचा फाटका टायर काठीने पळवायचा. ज्याच्या हाती जुनं बेअरिंग लागलं त्याने फळीला चाकं लावून गाडी केली, की तो पंधरा दिवस गावाचा राजा.

माझे वडील लोणावळ्याला रेल्वेत खलाशी होते. त्या काळात घाटात एक जुनं विजेचं इंजिन होतं, लांब नाकाचं आणि विचित्र आवाज करणारं. रेल्वेतले लोक त्याला 'खेकडा' म्हणायचे. वडील घरी येऊन आज खेकड्याने काय केलं ते सांगायचे, तेव्हा मी कितीतरी दिवस ते ओढ्यातल्या खेकड्याबद्दल बोलतायत असंच समजत होतो. कर्जतहून घाट चढताना गाडीला मागूनही इंजिनं लावतात. त्यामुळे आम्ही आगगाडी-आगगाडी खेळायचो तेव्हा आमच्या गाडीला मागून ढकलणारी दोन-तीन पोरं लागायचीच. मोठेपणी पुण्यातल्या एका मित्राला हे सांगितलं तर त्याला हसूच आवरेना. त्याच्या लहानपणीच्या गाडीला पुढे एकच इंजिन असायचं. खेळ सगळीकडे तोच असतो, पण जिथला तिथला मुलूख त्यात उतरतो तो असा.

विटीदांडूतली मोजणी आठवा. वकट, लेंड, मुंड, नाल. आम्हाला ती मराठीच वाटायची. तेलुगू भाषेत एक ते चार आकडे ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु असे आहेत हे फार पुढे, नोकरीत एका सहकाऱ्याने सांगितलं. खेळ सीमा ओलांडतात आणि बरोबर शब्द घेऊन येतात. खेळ किती जुने असतात तेही बघण्यासारखं आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत आणि राज्यातल्या इतर अनेक ठिकाणी दगडी जमिनीवर खेळाचे पट कोरलेले सापडतात. खळगे, चौकटी, रेघा. कोणीतरी तिथे बसून वेळ घालवत होतं. पाऊस उघडायची वाट बघत असेल, नाहीतर सोबतीची.

दिवाळीचा किल्ला हे मात्र आमचं सगळ्यात मोठं खेळणं. शहरातली मुलं चित्र बघून रायगड करतात. आमच्या मागच्या टेकडीवर चढलं की लोहगड-विसापूरची जोडी समोर दिसते, त्यामुळे आम्हाला चित्र लागायचं नाही. लोहगडाचा विंचूकाटा ज्याला नीट जमला त्याचा किल्ला पहिला. अळीव पेरून हिरवळ करायची, हळकुंडासारख्या दगडांच्या पायऱ्या करायच्या, आणि मग लोणावळ्याच्या बाजारातून मातीची चित्रं आणायची. महाराज सिंहासनावर आणि खाली मावळे. म्हणजे आम्ही मावळातली पोरं चार आणे देऊन बाजारातून मातीचा मावळा विकत आणत होतो! माझी आजी दर वर्षी म्हणायची, "आरं, मावळा इकत कशाला आनायचा? तुमीच उभं ऱ्हावा की तितं." जुलै २०२५ मध्ये लोहगडासह बारा किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळालं, तेव्हा मला पहिल्यांदा आठवला तो चिखलाचा विंचूकाटा.

मुलींची खेळणी वेगळी. सागरगोटे, काचापाणी, ठिकरी. शहरातल्या सुखवस्तू घरांत पितळेची भातुकली असायची. आमच्याकडे करवंटीचं पातेलं, पळसाच्या पानाचं ताट आणि मातीचा भात. खरं सांगायचं तर मुलींची भातुकली फार दिवस चालायचीच नाही. आठव्या-नवव्या वर्षी खरीच चूल समोर यायची.

वाचनाचं खेळणं म्हणजे 'चांदोबा', आणि थोडं पुढे 'किशोर'. बालभारतीने 'किशोर' सुरू केलं नोव्हेंबर १९७१ मध्ये, मी आठ वर्षांचा होतो तेव्हा. शाळेत एक अंक यायचा आणि तो फिरत फिरत माझ्याकडे येईपर्यंत मुखपृष्ठ गळालेलं असायचं. त्यामुळे कितीतरी अंकांची मुखपृष्ठं मी कधी पाहिलीच नाहीत.

भीती

खेळण्यांबद्दल सगळे बोलतात. भीतीबद्दल बोलायला मोठ्या माणसांना संकोच वाटतो. पण आमचं अर्धं बालपण भीतीने व्यापलेलं होतं, आणि त्या प्रत्येक भीतीला पत्ता होता. मुंजा कुठे, तर अमक्या पिंपळावर. हडळ कुठे, तर तमक्या पडक्या विहिरीपाशी. चकवा कुठे लागतो, तर टेकडीच्या पलीकडच्या पठारावर, धुक्यात.

पाण्यात साती आसरा. आमच्या ओढ्यावर एक डोह होता, तिथे शेंदूर लावलेले सात दगड होते. आषाढात तिकडे फिरकायचं नाही, आसरा ओढून नेतात, हे आम्हाला बोलायला लागायच्या आधीपासून माहीत. मोठेपणी विज्ञान शिकलो, आसरांवरचा विश्वास गेला. पण त्या डोहाचं खरं रूप नोकरी संपल्यावर, एका उन्हाळ्यात तो आटलेला पाहिला तेव्हा कळलं. वरून शांत दिसणाऱ्या पाण्याच्या तळाशी खडकात उभी कपार आहे. पूर आला की पाणी तिथे गरकन फिरतं. ते सात दगड नेमके कपारीच्या वरच्या अंगाला मांडलेले. ज्याने कोणी ते मांडले त्याला पोहता येत असणार आणि त्याने कुणालातरी तिथे गमावलेलं असणार.

चकव्याचंही तसंच. पावसाळ्यात पठारावर धुकं उतरलं की दहा पावलांवरचं दिसत नाही. माणूस फिरून फिरून त्याच जागी येतो आणि पलीकडे कडा असतो. चकवा लागला तर जागेवर बसून राहायचं, धुकं हलेपर्यंत उठायचं नाही, असा मोठ्यांचा दंडक होता. आजही डोंगरात जाणाऱ्याला याहून चांगला सल्ला कोणी देणार नाही.

दुसऱ्या जातीची भीती बाहेरून यायची. पूल किंवा बोगदा टिकावा म्हणून त्याच्या पायात मुलं पुरतात, आणि ती पकडायला पोतं घेऊन माणसं फिरतात, असं आम्हाला ठाम माहीत होतं. अनोळखी माणसाच्या खांद्यावर पोतं दिसलं की आम्ही भाताच्या उडवीमागे. ही अफवा देशभर, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. पण घाटाच्या माथ्यावर राहणाऱ्या आमच्या गावांत ती इतकी खोल का रुजली असावी, याचा विचार करताना बोरघाटाचा इतिहास आठवतो. पंचवीस बोगद्यांचा तो रेल्वेमार्ग बांधताना पटकीने आणि अपघातांनी हजारो मजूर दगावले. घाटाचं कंत्राट घेतलेला सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथे आल्यावर थोड्याच दिवसांत वारला आणि त्याच्या पत्नीने, अ‍ॅलिस ट्रेडवेलने, माणसं नेमून ते काम पुढे नेलं. तिचं नाव इतिहासात राहिलं. मेलेल्या मजुरांची नावं राहिली नाहीत. मला वाटतं, ती माणसं आमच्या आज्यांच्या गोष्टींत पोतं घेतलेला बुवा होऊन उरली. 'पायात माणूस घातल्याशिवाय पूल उभा राहत नाही' हे वाक्य अंधश्रद्धा म्हणून सोडून द्यावं, हे खरं. पण घाटापुरतं ते अक्षरशः घडलेलंही होतं.

तिसरी भीती रेडिओवरून आणि वर्तमानपत्रातून आली. डिसेंबर १९७१ च्या युद्धात ब्लॅकआउट असायचा. नौदलाचं केंद्र जवळ, त्यामुळे बॉम्ब इथेच पडणार याबद्दल आम्हा पोरांत एकमत होतं. खिडकीला तपकिरी कागद आणि कंदिलाच्या काचेला काजळी. जुलै १९७९ मध्ये अमेरिकेची 'स्कायलॅब' डोक्यावर पडणार म्हणून देशभर घबराट उडाली. ती पडली हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात. आमच्या गावात मात्र त्या दिवशी दोन कोंबड्या कापल्या गेल्या, मरायचंच आहे तर निदान जेवून मरू म्हणून. पुढच्याच वर्षी, १६ फेब्रुवारी १९८० ला मोठं सूर्यग्रहण झालं. मुंबई-पुण्याचे रस्ते ओस पडले होते असं वाचलं. कुसगावातही गुरं गोठ्यात आणि माणसं घरात.

या तीन जातींतली तिसरी भीती केव्हाच गेली, तिची आठवण आता गमतीची आहे. दुसरी विरली. पहिली मात्र जायला नको होती, असं मला दिवसेंदिवस वाटतं. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, त्यात लहान मुलं होती. १५ जून २०२५ ला आपल्याच तालुक्यात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांच्या भाराने कोसळला, चार जण गेले. वरच्या डोंगरात पाऊस झाला की खाली ऊन असतानाही ओढा काही मिनिटांत फुगतो, हे बाहेरून आलेल्या माणसाला कोण सांगणार? पूर्वी ते सात शेंदरी दगड सांगायचे. आता पाट्या आहेत, पण पाटीला कोणी घाबरत नाही.

सुट्ट्या

डेक्कन क्वीन १ जून १९३० ला सुरू झाली, ती मुळात शनिवार-रविवारची गाडी होती, पुण्याच्या घोड्यांच्या शर्यतींना जाणाऱ्यांसाठी. घाटमाथ्यावर सुट्टी ही अशी रेल्वेतून आली. लोणावळा-खंडाळ्यात बंगले झाले, वेगवेगळ्या समाजांची सॅनिटोरियम झाली. मे महिन्यात मुंबईची कुटुंबं ट्रंका आणि वळकट्या घेऊन महिना-महिना राहायला यायची. रेल्वेच्या कामगारांसाठी केली जाणारी गुडदाणी पुढे चिक्की झाली आणि तीही त्यांच्या परतीच्या सामानात जाऊन बसली, असं सांगतात.

आपल्या सोसायटीत अशी कितीतरी मंडळी आहेत ज्यांचा लहानपणीचा मे महिना या भागात गेला. त्यांच्या आठवणीत पानाचा द्रोण आहे, त्यात करवंदं आहेत आणि तो द्रोण खिडकीतून आत देणारं एक काळंसावळं पोर आहे. ते पोर मीच असेन असं नाही. आम्ही वीस-पंचवीस जण होतो.

पहाटे उठून डोंगरात जायचं, काट्यांतून करवंदं काढायची, जांभळं झोडपायची, पानं तोडून द्रोण लावायचे आणि गाडीच्या वेळेला स्टेशन गाठायचं. गाडी थांबायची तेवढ्यात जेवढे खपतील तेवढे खपवायचे. कधी पैसे हातात पडायच्या आत गाडी हलायची. बंगल्यांवर फिरून विकणं त्यापेक्षा बरं, तिथे वेळ मिळायचा. एका बंगल्यावर माझ्याच वयाच्या मुलाने दोन द्रोण करवंदांच्या बदल्यात मला चावीची मोटार दिली होती. तिची चावी आधीच हरवलेली होती. तरी ती मी दोन वर्षं ढकलत चालवली, तोंडाने आवाज काढत.

आता मला हे दिवस फार गोड वाटतात. डोंगराचा वास, बोटांना चिकटलेला चीक, जांभळी जीभ. पण हा लेख लिहायचा म्हणून मी आक्काला, माझ्या थोरल्या बहिणीला, फोन केला. तिला विचारलं, आपल्या मे महिन्याच्या सुट्टीतलं तुला काय आठवतं? ती म्हणाली, "सुट्टी कुटली रं? शाळा व्हती तवर दुपारपातूर बसाया तरी मिळायचं. सुट्टी लागली की दिसभर काम." मग म्हणाली, "तू करवंदं इकाया जायचास, तुला गाडी तरी बगाया मिळायची. मी तुज्या भावाला कडेवर घिऊन लाकडं आनायची." पाचवीनंतर तिची शाळा सुटली. सागरगोटे तिने शेवटचे कधी हातात धरले ते तिला आठवत नाही. माझं स्मरणरंजन कोणाच्या कडेवर बसून आलं होतं, ते मला त्या फोननंतर नीट समजलं.

तरी आनंद नव्हता असं म्हणणं खोटं होईल. आक्कालाही काजवे आठवतात. मेच्या अखेरीला, पहिल्या पावसाच्या आधी, झाडंच्या झाडं काजव्यांनी पेटायची. आम्ही ते बाटलीत धरून आणायचो आणि अंथरुणाशी ठेवायचो. आजी झोपताना बाटलीचं झाकण उघडून ठेवायची. सकाळी बाटली रिकामी, आणि आजी सांगायची की ते शाळेत गेले. पावसाची पहिली झड आली की ओढ्याच्या उलट्या दिशेने मासे चढायचे, ते धरायला आख्खं गाव पाण्यात. त्यात बाया, पोरीसोरी, म्हातारे सगळे. आक्का म्हणते, वर्षातली तिची खरी सुट्टी तो एक दिवस.

आणि आता

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण खुला झाला. त्याच्या आगेमागे खाचरांचे प्लॉट झाले आणि प्लॉटवर आपण सगळे आलो. आपल्या इमारतीचा पाया भरला तेव्हा मी रोज बघायला यायचो. इथे आमच्या भावकीचं खाचर होतं. इतक्या लोकांनी मुंबई-पुण्याचं घर असताना इथे दुसरं घर का घेतलं, असा प्रश्न मला पडायचा. एकदा बाकावरच उत्तर मिळालं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "आम्ही लहानपणी मे महिन्यात यायचो ना, ते डोक्यातून गेलंच नाही कधी." म्हणजे आपली सोसायटी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाखाली नोंदलेली असली, तरी ती बऱ्याच अंशी कोणाच्या तरी करवंदांच्या आठवणीवर उभी आहे. करवंदं घेणारे आणि करवंदं विकणारे आता एकाच जिन्याने वर जातात, एकाच पाण्याच्या वेळेसाठी भांडतात. इतिहासात अशी गोष्ट फार वेळा घडत नाही. मला तिचा आनंद आहे.

गाव मात्र थांबलेलं नाही. खोपोली ते कुसगाव या नव्या जोडमार्गाचं काम २०१९ मध्ये सुरू झालं आणि आपल्या गावाचं नाव वर्तमानपत्रांत रोजचं झालं. त्याचा बोगदा लोणावळ्याच्या तळ्याखालून जातो. आणखी माणसं येतील, आणखी गाड्या येतील. म्हणूनच सर्वसाधारण सभेत मागच्या कोपऱ्यातल्या मोकळ्या जागेचा विषय निघाला. तिथे ब्लॉक बसवून बारा गाड्यांची सोय करावी, असं म्हणणं आहे. गाड्या उभ्या करायला जागा लागते हे मीही जाणतो, सणासुदीला माझ्या मुलाला गाडी बाहेर रस्त्यावर लावावी लागते. पण आपल्या आवारात माती उरलेली जागा तेवढीच आहे. दिवाळीचा किल्ला तिथे होतो. आपली मुलं, आणि वॉचमनची, घरकामाला येणाऱ्या मावशींची मुलं एकत्र खेळतात तीही तिथेच. क्लब हाउसमधल्या टेबल टेनिसपाशी ती दुसरी मुलं येत नाहीत. त्यांना कोणी हाकललेलं नाही, तरी येत नाहीत. चिखलात मात्र कोणी कोणाला विचारत नाही.

रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने मी तीन गोष्टी सुचवतो.

एक, तो कोपरा निदान पुढची काही वर्षं मातीचाच ठेवावा. गाड्यांसाठी दुसरा काही मार्ग निघतो का, ते कमिटीने बघावं. मी त्यासाठी बसायला तयार आहे.

दोन, दर जूनमध्ये, पाऊस लागायच्या आधी, गावातल्या एखाद्या जाणत्या माणसाला बोलावून आपल्या मुलांना ओढा, डोह आणि पठार दाखवून आणावं. कुठे पाणी फिरतं, कुठे धुकं उतरतं, कुठे थांबायचं. साती आसरांच्या गोष्टीसकट. मुलांनी विश्वास ठेवावा असं नाही, पण जागा ओळखाव्यात.

तीन, आपल्या प्रत्येकाच्या माळ्यावर एखादं जुनं खेळणं नक्की आहे. ते हॉलमध्ये एक दिवस मांडावं आणि प्रत्येकाने आपल्या खेळण्याशेजारी उभं राहून दोन गोष्टी सांगाव्यात: ते कोणी दिलं, आणि आपण खेळत होतो तेव्हा घरातलं काम कोण करत होतं. दुसरं सांगितल्याशिवाय पहिलं सांगू नये. आक्काला मी त्या दिवशी घेऊन येईन. तिच्याकडे मांडायला खेळणं नाही, पण तिच्याइतके सागरगोटे आपल्यापैकी कोणालाही झेलता यायचे नाहीत, अजूनही.

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत हा विषय लिहायला आज त्या मातीत खेळणाऱ्यांपैकीच कोणीतरी असेल. त्याच्याकडे लिहायला भरपूर असो.